द्राक्षात साखर येते कुठून? पोरीने अडवलं राव (निफाड)

बांधावरचा_बापू | सोमवार, रात्री ८.४०

नमस्कार मंडळी. धागा शेतीत टाकू का विज्ञानात ते कळेना म्हणून इथंच टाकतोय, ॲडमिन हलवतील हलवायचा तर. झालं असं की आमची धाकटी नववीला आहे, काल रविवार म्हणून माझ्यासोबत बागेत आली ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, बघायला. साडेतीन एकर थॉमसन जातीची द्राक्षं आहेत, मण्यात पाणी उतरून तीन आठवडे होऊन गेले आणि गेले आठ दिवस नुसतं आभाळ. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर मणी पिळला, डोळ्याला लावला, साडेचौदा. मागच्या रविवारी चौदा होतं. माझ्या तोंडातून आपलं निघून गेलं की पोटॅश कमी पडलं वाटतं, अजून एक डोस सोडावा लागेल.

तर पोरगी म्हणते, पप्पा पोटॅशमध्ये साखर असते का? म्हटलं नाही गं, साखर झाड बनवतं. कशापासून? म्हटलं मातीतून, खतातून. तर म्हणे आमच्या पुस्तकात तर हवा नि पाणी लिहिलंय, मग तुम्ही वीस वर्षं खतं टाकताय ती कशाला. आता काय बोलणार. उजेडाने अन्न तयार होतं हे मलाही पाठ आहे हो, पण उजेड साखरेत शिरतो म्हणजे नक्की होतं काय? उजेड काय क्रेटमध्ये भरायची गोष्ट आहे का? कोणी नीट समजावून सांगा, पोरीच्या आधी मला.

दुकानदार_पिंपळगाव | रात्री ८.५५

बापूभाऊ पोरीला सांगा, काकांच्या पोटावर पाय नको देऊ म्हणावं. शून्य-शून्य-पन्नासच्या (पोटॅशचं खत) चाळीस गोण्या पडून आहेत दुकानात.

फळ्यावरची_मॅडम | रात्री ९.३०

लेकीला ओरडू नका, प्रश्न चारशे वर्षं जुना आहे आणि भल्याभल्यांनी त्यात मार खाल्लाय. मी २८ वर्षं नाशकात बॉटनी शिकवलं, दर वर्षी पहिल्या तासाला हेच विचारायचे की वडाचं एवढं लाकूड आलं कुठून, आणि दर वर्षी अर्धा वर्ग मातीतून म्हणायचा.

आत्ताच्या बेल्जियममधला हेल्मोंट म्हणून एक माणूस. त्याने भट्टीत वाळवलेली २०० पौंड माती मोजून कुंडीत भरली, ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. पाच वर्षांनी झाड भरलं १६९ पौंड, आणि माती परत वाळवून तोलली तर कमी झाली जेमतेम दोन औंस. तो गेल्यावर १६४८ मध्ये हे छापून आलं. म्हणजे झाड मातीतून येत नाही हे तेव्हाच कळलं होतं, पण त्याने निष्कर्ष काढला की सगळं झाड पाण्याचंच बनलंय. हवा त्याच्या हिशेबातच नव्हती, आणि गंमत बघा, 'गॅस' हा शब्द याच माणसाने काढलेला, कोळसा जाळल्यावर निघणारा वायूही त्याने ओळखला होता. तोच वायू त्याचं झाड पाच वर्षं खात होतं आणि हा शेजारी झारी घेऊन उभा.

पुढे १७७१ मध्ये प्रीस्टलीने मेणबत्ती विझलेल्या बंद काचेत पुदिन्याची काडी ठेवली, काही दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळली. १७७९ मध्ये इंगेनहाउझने दाखवलं की हे फक्त उजेडात होतं आणि फक्त हिरव्या भागात. बाकीचं उद्या लिहिते, डोळे दुखतात स्क्रीनवर.

आकडेमोड_सातपूर | रात्री १०.१५

शेतीतलं मला काही कळत नाही, मी आपला कारखान्यात क्वालिटीला आहे, पण हिशेब केल्याशिवाय झोप येईना. बापूभाऊ एकरी दहा टन माल धरू आणि काढणीला १८ ब्रिक्स, म्हणजे ढोबळमानाने १.८ टन साखर एका एकरात. १८० ग्रॅम ग्लुकोजला २६४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि १०८ ग्रॅम पाणी लागतं, १९२ ग्रॅम ऑक्सिजन बाहेर जातो. तुमच्या १.८ टनाला मग २.६४ टन कार्बन डायऑक्साइड लागला आणि पाणी फक्त १०८० लिटर, टँकरचा एक कोपरा म्हणा. बाकी जे लाखो लिटर तुम्ही ड्रिपने सोडता ते पानातून उडून जातं.

आता हवेत हा वायू दहा लाख भागांत साधारण ४२० भाग. नाशिकच्या उंचीला एका घनमीटर हवेत जेमतेम पाऊण ग्रॅम. म्हणजे एका एकराची नुसती मण्यातली साखर करायला जवळपास ३७ लाख घनमीटर हवा गाळावी लागली. एकराच्याच मापाचा हवेचा खांब उभा केला तर ९०० मीटरच्या आसपास उंच होतो, रामशेजचा किल्ला खाली राहील. लाकूड, मुळ्या, पानं वेगळीच, आणि झाड स्वतः श्वासात जाळतं ते पण धरलेलं नाही.

बांधावरचा_बापू | मंगळवार, सकाळी ६.२०

सातपूरवाले दादा, सकाळी चहा घेता घेता मोठ्याने वाचून दाखवलं, पोरगी बापाकडे बघून हसतेय नुसती. २६ क्विंटल वायू माझ्या एका एकरात हवेतून आला आणि मला त्याचं बिलही नाही! पण मग दुकानदाराच्या चाळीस गोण्यांचं काय, आणि उजेडाचं अजून सांगितलं नाही कोणी.

फळ्यावरची_मॅडम | मंगळवार, दुपारी १२.१०

आता उजेडाचं. थोडं लांब होईल.

पानाच्या पेशीत हरितलवकं असतात, त्यांच्या आत नाण्यांच्या चळतीसारख्या चपट्या पिशव्या रचलेल्या, त्यांना थायलाकॉइड म्हणतात आणि हरितद्रव्य बसवलेलं असतं ते त्या पिशवीच्या भिंतीत. उजेड पडला की हरितद्रव्यातला एक इलेक्ट्रॉन उसळतो. पालकाची पानं स्पिरिटमध्ये कुस्करून गाळलंत तर हिरवं पाणी मिळेल, अंधारात त्याच्यावर नोटा तपासायचा जांभळा टॉर्च मारा, ते हिरवं पाणी रक्तासारखं लाल दिसतं. का, तर तिथे उसळलेल्या इलेक्ट्रॉनला झेलायला कोणी नाही, तो परत खाली पडतो आणि मिळालेली ऊर्जा लाल उजेड म्हणून टाकून देतो. जिवंत पानात तो खाली पडायच्या आत शेजारचा रेणू झेलतो, त्याच्याकडून पुढचा, पुढचा. बापूभाऊ, उजेडाचं काम एवढंच, इलेक्ट्रॉन उसळवायचा. साखरेत उजेड शिरत वगैरे नाही, त्या उसळलेल्या इलेक्ट्रॉनला परत न पडू देण्याची जी सगळी खटपट आहे तिलाच आपण प्रकाशसंश्लेषण म्हणतो.

इलेक्ट्रॉन गेला की हरितद्रव्यात खड्डा पडतो, तो भरायला पाणी फोडावं लागतं. पाणी फोडणं सोपं नाही, घरात उकळून उकळून वाफ होईल पण फुटणार नाही. पानात ते काम चार मँगनीज आणि एका कॅल्शियमचा एवढासा गठ्ठा करतो, तोही घरातल्या तापमानाला. दोन रेणू पाणी फुटलं की चार इलेक्ट्रॉन, चार प्रोटॉन आणि ऑक्सिजनचा एक रेणू. ऑक्सिजन बाहेर, प्रोटॉन पिशवीच्या आत. इलेक्ट्रॉन हातोहात पुढे जाताना आणखी प्रोटॉन आत ढकलले जातात, पिशवीत गर्दी होते.

आपल्या इगतपुरीच्या पलीकडे घाटघरचा उदंचन प्रकल्प आहे ना, वीज उरली की पाणी वर चढवायचं आणि लागली की खाली सोडून टर्बाइन फिरवायचं, अगदी तसंच. कोंडलेले प्रोटॉन एका यंत्रातून बाहेर सुटतात, ते यंत्र खरोखर गरागरा फिरतं आणि फिरता फिरता एटीपी नावाचा ऊर्जा पोचवणारा रेणू बनवतं. हे मिचेलने मांडलं तेव्हा लोक हसले होते, १९७८ मध्ये त्यालाच नोबेल मिळालं. मला सगळ्यात आवडतो तो यागेनडॉर्फचा १९६६ चा प्रयोग, त्याने पिशव्या आधी आंबट द्रावणात बुडवल्या आणि मग एकदम अल्कलीत टाकल्या, मिट्ट अंधारात, आणि एटीपी तयार झालं! आत-बाहेर फरक असला की झालं, तो उजेडाने केला का आंबटाने, यंत्राला घेणंदेणं नाही.

इलेक्ट्रॉनला वाटेत दुसऱ्या ठिकाणी उजेडाचा अजून एक धक्का बसतो आणि तो एनएडीपीएच नावाच्या वाहकावर चढतो. एटीपी आणि एनएडीपीएच, ही दोन नाणी हातात आली की उजेडाचं काम संपलं. पुढे हवेतला कार्बन पकडायचा.

ओझरचा_नाना | दुपारी १.०५

मॅडम, मला सातवीपर्यंतचंच विज्ञान, पण घाटघरचं कळलं.

रानवेडी | दुपारी १.२०

मॅडम एक शंका, आम्हाला शाळेत सांगितलं होतं की ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधून सुटतो, आणि दुसरा भाग 'अंधार प्रक्रिया' म्हणून रात्री होतो. दोन्ही चूक का?

फळ्यावरची_मॅडम | दुपारी २.४०

दोन्ही चूक. १९४१ मध्ये रुबेन आणि केमेन यांनी जड ऑक्सिजन असलेलं पाणी शेवाळाला दिलं, बाहेर आलेल्या वायूतही तोच जड ऑक्सिजन सापडला, म्हणजे तो पाण्यातला. आणि अंधार प्रक्रिया हे नावच घोटाळ्याचं आहे, तिला उजेड थेट लागत नाही एवढाच अर्थ. ती होते दिवसाच, कारण ती नाणी साठवून ठेवता येत नाहीत, उजेड गेला की काही क्षणांत गल्ला रिकामा. मी परीक्षेत ते नाव कापायचे, मुलं चिडायची.

ती साखळी केल्विन, बेन्सन आणि बॅशम यांनी शोधली, क्लोरेला नावाच्या शेवाळाला किरणोत्सारी कार्बन पाजून. १९६१ चं नोबेल मात्र एकट्या केल्विनला गेलं, बेन्सनवर अन्याय झाला असं माझं मत. हवेतला कार्बन पकडतं ते रुबिस्को नावाचं प्रथिन. तीन रेणू कार्बन डायऑक्साइड पकडले की तीन कार्बनची एक साखर हाती लागते, खर्च ९ एटीपी आणि ६ एनएडीपीएच. रुबिस्को इतकं मंद आहे की सेकंदाला तीनेक रेणूच पकडतं, बाकीची एन्झाइमं, म्हणजे पेशीतली कामं उरकणारी प्रथिनं, हजारोंनी काम उरकतात. म्हणून झाड पानात त्याची नुसती गर्दी करून ठेवतं, द्राक्षासारख्या पिकाच्या पानातल्या नायट्रोजनचा पाव हिस्सा तरी त्यातच असतो.

दुकानदार_पिंपळगाव | दुपारी ३.१५

आता मला बोलू द्या, बीएस्सी ॲग्री आहे मी पण, नुसता गोण्या उचलत नाही. मॅडमच्या गोष्टीतच माझं दुकान आहे बघा. नायट्रोजन रुबिस्कोला. मॅग्नेशियम हरितद्रव्याच्या मधोमध बसलेलं, कमी पडलं की जुन्या पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. चुनखडीच्या जमिनीत कोवळी पानं पिवळी पडतात ते लोहाचं, इलेक्ट्रॉन हातोहात नेणाऱ्यांत लोह लागतं. मँगनीज पाणी फोडायला. आणि पोटॅश पानाची छिद्रं उघडायला आणि पानातली साखर घडाकडे उचलायला. म्हणजे खत हे अन्न नाही, मशिनचे पार्ट आहेत. पार्ट पूर्ण बसलेत आणि लाईटच नाही तर अजून पार्ट आणून कारखाना पळत नाही. बापूभाऊ, आभाळात पोटॅशचा जास्तीचा डोस सोडू नका, पानदेठाचं परीक्षण करून घ्या आधी. घ्या, माझी एक गोणी मीच कमी केली.

कसमादे_पट्टा | दुपारी ३.५०

म्हणजे मक्यात ॲट्राझीन हे तणनाशक मारतो त्याचा पण याच्याशी संबंध आहे का? एका ताईंनी मागे सांगितलं होतं की ते तणाचा उजेड बंद करतं.

दुकानदार_पिंपळगाव | दुपारी ४.२०

बरोब्बर. मॅडम म्हणाल्या ना की इलेक्ट्रॉन हातोहात जातो, ॲट्राझीन त्यातल्या एका हाताच्या जागेवर जाऊन बसतं. उजेड येतच राहतो, इलेक्ट्रॉन पुढे सरकत नाही, ती ऊर्जा मग पानातच आग लावते. तण उपाशी मरण्याआधी असं करपून मरतं, म्हणून सावलीतलं तण हळू जातं. मका वाचतो कारण तो औषधाला पचवून निकामी करतो.

आणि मक्यावरून आठवलं. मका, ऊस, बाजरी ही सी-फोर पिकं. रुबिस्को उन्हाळ्यात चुकतं, कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजनच पकडतं आणि केलेली साखर वाया जाते. मक्याने त्यावर उपाय काढला, आधी दुसऱ्या एन्झाइमने वायू पकडून आतल्या खोलीत कोंडायचा, रुबिस्को त्या खोलीत बसवलेलं. म्हणून मे महिन्यात दुपारी मका डौलात आणि द्राक्ष, कांदा मलूल.

ओझरचा_नाना | संध्याकाळी ७.३०

बापू, मी चाळीस वर्षं बाग करतोय, माझं ऐक. घडामागं पंधरा-सोळा पानं लागतात हे सगळ्यांना माहीत, पण ती पानं कुठं आहेत ते कोणी बघत नाही. तुझ्या बागेत मागं आलो होतो, मांडवाखाली हात घातला तर तीन-तीन थर, खालची पानं पिवळी. आमच्या ग्रुपला एक शास्त्रज्ञ आले होते, त्यांनी मीटर लावून दाखवलं, वरचं पान उजेड पिऊन टाकतं, खालच्याला शंभरातले पाच-सहा भाग मिळतात, त्याच्या खालच्याला काहीच नाही. आणि वरच्या पानाला तरी भर उन्हाचा एक तृतीयांश पुरे झाला, बाकी ऊन त्याला वापरता येत नाही. म्हणजे वरचं पान ताटात टाकून उठतंय आणि खालचं उपाशी. खालचं पान कमावत नाही, उलट श्वासात खातं. बगलफुटी (पानांच्या बगलेतून फुटलेल्या जादा फांद्या) आधीच काढायला पाहिजे होत्या. आता घडावरची सगळी पानं एकदम उघडी करू नको, ऊन पडलं की मणी भाजतील.

आणि पाणी किती सोडतोय ते बघ. जास्त पाण्याने मणी फुगतो, ब्रिक्स खाली दिसतो, साखर तेवढीच असते.

आकडेमोड_सातपूर | संध्याकाळी ७.५५

नाना, मग डिसेंबर-जानेवारीत निफाडला पारा पाच-सहावर येतो तेव्हा आकाश तर निरभ्र असतं, ऊन कडक, तरी ब्रिक्स का अडतो?

फळ्यावरची_मॅडम | रात्री ८.३०

कारण तेव्हा उजेड कमी नसतो, एन्झाइमं गारठलेली असतात. १९०५ मध्ये ब्लॅकमनने हेच सांगितलं की ज्याची कमतरता सगळ्यात जास्त, वेग त्याच्यावर ठरतो. आभाळात उजेड अडवतो, निफाडच्या पहाटेनंतर थंडी अडवते, एप्रिलच्या दुपारी छिद्रं मिटतात म्हणून हवा अडवते. थंड सकाळी तर उलटी पंचाईत, उजेड भरपूर येतोय आणि साखरेची साखळी सुस्त, तेव्हा पान जादा ऊर्जा मुद्दाम उष्णता करून फेकून देतं, नाहीतर कसमादेवाल्यांच्या तणासारखं करपेल.

गंगापूररोडकर | रात्री ९.००

छान चाललंय. माझा पण एक प्रश्न, पिंपळ रात्री पण ऑक्सिजन सोडतो म्हणतात ते? आमच्या सोसायटीत यावरून भांडणं झालीत, पार बांधायचा का नाही म्हणून.

फळ्यावरची_मॅडम | रात्री ९.१०

ऑक्सिजन पाणी फुटल्यावरच सुटतो आणि पाणी उजेडाशिवाय फुटत नाही. निवडुंग, अननस, ड्रॅगनफ्रूट रात्री कार्बन डायऑक्साइड घेऊन आम्लात साठवतात, पण ऑक्सिजन त्यांचाही दिवसाच. पार खुशाल बांधा, सावलीसाठी.

बांधावरचा_बापू | शनिवार, रात्री ९.४५

मंडळी, चार दिवस गायब होतो, बगलफुटी काढायला माणसं मिळत नव्हती. नानांनी सांगितल्याप्रमाणे खालची पिवळी पानं काढली, वरची ठेवली. पोटॅश नाही सोडलं. गुरुवारपासून आभाळ पण फाटलं, त्यामुळे ब्रिक्स वाढला तर श्रेय कोणाला द्यायचं तो प्रश्नच आहे.

पण सांगायचं ते वेगळंच. पोरीने मॅडमचं सगळं वाचून प्रयोग काढला. एकाच काडीवरची शेजारशेजारची दोन पानं, एक काल संध्याकाळी पाचला तोडलं आणि दुसरं आज पहाटे सहाला, दिवस उजाडायच्या आत, बॅटरी घेऊन गेलो होतो आम्ही दोघं. तोडल्या तोडल्या उकळत्या पाण्यात बुडवायची म्हणाली, म्हणजे पान जागच्या जागी थांबतं. मग गॅस पूर्ण बंद करून गरम पाण्याच्या पातेल्यात स्पिरिटचा ग्लास ठेवला, स्पिरिट पेट घेतं म्हणून गॅसवर ठेवायचं नाही असं तिनेच मला बजावलं. दहा-पंधरा मिनिटांत सगळा हिरवा रंग ग्लासात उतरला आणि पानं कागदासारखी पांढुरकी. धुऊन बशीत पसरली आणि जखमेला लावायचं आयोडीन पाणी घालून वर ओतलं.

संध्याकाळचं पान आमच्या डोळ्यांदेखत काळंनिळं पडत गेलं, आधी शिरांच्या मधे आणि मग सगळीकडे, जांभळ्या शाईचा डाग पसरावा तसं. पहाटेचं नुसतं पिवळट तपकिरी. एवढाच फरक, एका रात्रीचा. दिवसभराचा स्टार्च पानात भरलेला आणि रात्रीतून तो साखर होऊन गेलेला, पान पार रिकामं. मी म्हटलं मग गेला कुठं, तर पोरगी म्हणाली कुठं म्हणजे काय, घडात. त्या पानाच्या खालीच घड होता.

ते हिरवं पाणी बाटलीत ठेवलंय, शेजारच्या किराणावाल्याकडून नोटांचा टॉर्च आणून आत्ताच लाईट बंद करून मारला. मॅडम, लाल दिसतं. खरंच लाल दिसतं. मिसेसचं म्हणणं एवढंच की बशीवरचा आयोडीनचा डाग निघत नाहीये, कोणाला उपाय माहीत असेल तर सांगा.

दुकानदार_पिंपळगाव | रात्री ९.५८

विटामिन सीची गोळी चुरडून चोळा, लगेच जाईल. मेडिकलवर मिळते, माझ्याकडे नाही.